भाडेकरूसह घर विकत घेताना : स्कॉटलंडचा कायदा

एडिंबरा, ग्लासगो किंवा ॲबर्डीनमधील घरविक्रीच्या जाहिराती चाळताना अधूनमधून ‘भाडेकरूसह विक्री’ अशी टीप आढळते. किंमत आजूबाजूच्या घरांपेक्षा काहीशी कमी, खरेदीच्या दिवसापासून भाडे सुरू, नवा भाडेकरू शोधण्याची यातायात नाही. वरवर पाहता व्यवहार मोठा सोयीचा वाटतो. परंतु असे घर घेणारा केवळ चार भिंती विकत घेत नसतो. त्या भिंतींच्या आत राहणाऱ्या माणसाशी जडलेले एक कायदेशीर नातेही तो स्वीकारत असतो. हे नाते नेमके कोणते, हे पाहिल्याशिवाय सही करणाऱ्याचा हिशेब पुढे अनेक वर्षे चुकत राहतो.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करायला हवी. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या संसदा एक झाल्या. पण स्कॉटलंडने आपला खासगी कायदा आणि आपली न्यायालये कायम राखली. त्यामुळे लंडनमध्ये वीस वर्षे घरे भाड्याने देणाऱ्या आप्तेष्टाचा सल्ला ग्लासगोतील घराला लागू पडेलच असे नाही. अनेकदा तो मुळीच लागू पडत नाही.

‘विक्रीने भाडेपट्टा मोडत नाही’ हे तत्त्व स्कॉटलंडमध्ये फार जुने आहे. दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत, १४४९ मध्ये, तेथील संसदेने एक छोटासा कायदा केला. जमीनदाराने जमीन विकली की नवा मालक कुळांना हुसकावून लावी; भाडेपट्टा हा केवळ दोन व्यक्तींमधील करार असल्याने तिसऱ्यावर तो बंधनकारक नव्हता. या कायद्याने कुळाचा हक्क जमिनीलाच चिकटवला. सहा शतके होत आली तरी हा कायदा रद्द झालेला नाही. मात्र त्याचे संरक्षण मिळण्यासाठी भाडे निश्चित हवे, मुदत संपण्याची तारीख ठरलेली हवी, भाडेकरू प्रत्यक्ष ताब्यात हवा आणि पट्टा एका वर्षाहून अधिक काळाचा असेल तर तो लेखी हवा, अशा अटी आहेत. आजच्या घरभाड्याच्या करारांना तर अखेरची तारीखच नसते. म्हणून २०१६ च्या कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली, की घराची मालकी ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे घरमालकाची भूमिकाही आपोआप जाईल. परिणाम तोच, वाट निराळी.

अर्थात जुन्या मालकाने दिलेले प्रत्येक वचन नव्या मालकाला बांधत नाही. भाडेपट्ट्याच्या स्वभावातच असलेल्या अटी, उदाहरणार्थ भाडे किंवा दुरुस्ती, घराबरोबर जातात. निव्वळ वैयक्तिक स्वरूपाची आश्वासने जात नाहीत. ‘हे घर पुढे तुलाच विकीन’ असा पर्याय भाडेकरूला दिलेला असेल तर तो सर्वसाधारणपणे खरेदीदारावर बंधनकारक नसतो. १८९८ च्या बिसेट विरुद्ध मॅजिस्ट्रेट्स ऑफ ॲबर्डीन या खटल्यापासून ही भूमिका प्रस्थापित आहे आणि २००६ मधील एका निकालातही तिचा पुनरुच्चार झाला.

खरेदीदाराने विचारायचा पहिला प्रश्न भाडे किती हा नसून भाडेकरू केव्हापासून राहतो हा असावा. तारखेवर सारे अवलंबून आहे. २ जानेवारी १९८९ पूर्वी सुरू झालेली भाडेदारी बहुधा १९८४ च्या भाडे कायद्याखाली येते. तेथे भाडे अधिकाऱ्याने नोंदवलेले ‘रास्त भाडे’ चालते, भाडेकरूला भक्कम संरक्षण असते आणि त्याच्या पश्चात जोडीदाराला घरात राहण्याचा हक्क मिळू शकतो. असे भाडेकरू आता थोडे उरले आहेत आणि बहुतेक वयोवृद्ध आहेत. पण एखाद्या दगडी टेनमेंट इमारतीतील घर आश्चर्यकारक स्वस्त दिसले तर कारण हेच असण्याचा संभव मोठा. २ जानेवारी १९८९ ते ३० नोव्हेंबर २०१७ या काळातील करार १९८८ च्या कायद्याखालील ‘अश्युअर्ड’ किंवा ‘शॉर्ट अश्युअर्ड’ प्रकारचे असतात. यांतील दुसरा प्रकार मालकाला अधिक सोयीचा. परंतु तो सिद्ध होण्यासाठी करार होण्यापूर्वी भाडेकरूला ‘एटी-५’ नावाची नोटीस दिलेली असावी लागते आणि पहिली मुदत किमान सहा महिन्यांची असावी लागते. तो एक कागद सापडत नसेल तर विक्रेता ज्याला ‘शॉर्ट’ म्हणतो तो करार प्रत्यक्षात तसा नसतो. १ डिसेंबर २०१७ पासूनचे बहुतांश खासगी करार ‘प्रायव्हेट रेसिडेन्शियल टेनन्सी’ या एकाच प्रकारात मोडतात. त्यांना ठरावीक मुदत नाही. भाडेकरू २८ दिवसांची सूचना देऊन जाऊ शकतो. मालकाला मात्र कायद्याने घालून दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण दाखवावेच लागते.

सर्वाधिक गैरसमज होतो तो येथे. पुष्कळांची कल्पना अशी, की घर आता घ्यावे, वर्षभर भाडे खावे आणि मग भाडेकरूला निरोप देऊन स्वतः राहायला जावे. मालकाला वा त्याच्या कुटुंबीयाला तेथे राहायचे आहे, हे कारण कायद्यात आहे हे खरे. पण ते राहणे मुख्य घर म्हणून आणि किमान तीन महिने असले पाहिजे. भाडेकरू सहा महिन्यांहून अधिक काळ राहत असेल तर त्याला ८४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत संपली म्हणजे घर रिकामे झाले असे नव्हे. भाडेकरू न गेल्यास स्कॉटलंडच्या फर्स्ट-टियर ट्रायब्यूनलकडे अर्ज करावा लागतो. अर्जाला शुल्क नाही. वेळ मात्र लागतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून ताबा देण्याची सर्वच कारणे न्यायाधिकरणाच्या विवेकाधीन झाली आहेत. म्हणजे कारण सिद्ध झाले तरी बाहेर काढणे वाजवी आहे काय, हा प्रश्न उरतोच. भाडेकरूचे वय, आजारपण, मुलांची शाळा, दुसरे घर मिळण्याची शक्यता हे सारे तराजूत पडते. तसेच मालकाची निकडही. निकाल कोणत्या बाजूला झुकेल हे कोणताही सॉलिसिटर छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगत असेल तर दुसरा सॉलिसिटर गाठावा. खोटे कारण दाखवून भाडेकरूला घालवले असे पुढे उघड झाले, तर तो भरपाईही मागू शकतो. आणि विक्रेत्याने ‘मला घर विकायचे आहे’ या कारणावर दिलेली नोटीस तुमच्या उपयोगाची नाही. घर विकले गेले, त्याचे कारण संपले.

तेव्हा स्वतः राहण्यासाठी घर हवे असेल तर रिकाम्या ताब्याचीच अट घालावी. स्कॉटलंडमध्ये खरेदीचा करार दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांमधील पत्रव्यवहारातून होतो. या पत्रांना ‘मिसिव्हज’ म्हणतात. अखेरच्या पत्राने सर्व अटींवर एकमत झाले की करार पक्का होतो आणि त्यानंतर मागे फिरणे महाग पडते. नेहमीच्या छापील अटी रिकामा ताबा गृहीत धरतात. भाडेकरूसह घर घ्यायचे तर त्या मुद्दाम बदलून घ्याव्या लागतात. कराराची प्रत, नोटिसा, भाड्याच्या जमाखर्चाचा उतारा, थकबाकी, न्यायाधिकरणापुढील प्रलंबित तक्रारी यांची लेखी हमी विक्रेत्याकडून मिसिव्हजमध्येच घ्यावी. आगाऊ आलेल्या भाड्याची वाटणी आणि जुनी थकबाकी कोणी वसूल करायची, हेही तेथेच ठरवावे.

अनामत रक्कम हा वादाचा नेहमीचा विषय. ती दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि २०११ च्या नियमांनुसार भाडेदारी सुरू झाल्यापासून कामकाजाच्या ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. कसूर झाल्यास अनामतीच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अनामत माझ्याकडे सुरक्षित आहे’ असे विक्रेता म्हणत असेल तर तेच धोक्याचे चिन्ह समजावे. योजनेचे प्रमाणपत्र पाहावे आणि नोंद आपल्या नावे करून घ्यावी. (पागडीची सवय असलेल्या मुंबईकराला नवल वाटेल, महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, स्कॉटलंडमध्ये मात्र भाडे व अनामत यांपलीकडे भाडेकरूकडून अधिमूल्य घेणे बेकायदा आहे.)

घरमालक म्हणून स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करणे २००४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या मालकाची नोंदणी खरेदीदाराला चालत नाही. नोंदणीविना घर भाड्याने देणाऱ्याला ५० हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय भाडे देणे थांबवण्याचा आदेशही कौन्सिल काढू शकते. तीन किंवा अधिक परस्परांशी नाते नसलेले भाडेकरू एकत्र राहत असतील, जसे विद्यापीठांच्या परिसरात नेहमी दिसते, तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. वायूची वार्षिक तपासणी, विजेच्या जोडणीचा पाच वर्षांतून एकदा होणारा अहवाल, एकमेकांशी जोडलेले धूरसूचक ही जबाबदारीही नव्या मालकाचीच. दुरुस्तीबाबत न्यायाधिकरणाने आदेश दिला असेल तर त्याची नोंद मालमत्तेच्या नोंदवहीत होते; ती आधी पाहून घ्यावी.

आता कर. एकाहून अधिक घरे असणाऱ्याला नेहमीच्या मालमत्ता हस्तांतर कराखेरीज अतिरिक्त अधिभार पडतो. ५ डिसेंबर २०२४ पासून त्याचा दर संपूर्ण किमतीच्या ८ टक्के आहे. दोन लाख पौंडांच्या घरावर मूळ कर ११०० पौंड, तर अधिभार १६ हजार पौंड! आणि ‘एकाहून अधिक’ मोजताना जगभरातील घरे मोजली जातात. पुण्यातील फ्लॅट किंवा त्यातील हिस्सा ४० हजार पौंड वा अधिक मोलाचा असेल तर तोही धरला जातो, जोडीदाराच्या नावावरचाही. भारतात राहून पैसे पाठवणाऱ्याने रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतील, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादाही ध्यानात ठेवावी. कर्ज हवे असल्यास ते भाड्याच्या घरासाठीचे असावे लागते. राहत्या घराच्या नावाखाली कर्ज घेऊन भाडेकरू लपवणे हा करारभंग ठरतो.

भाडेवाढीवरच सारे गणित बेतले असेल तर ते पुन्हा मांडावे. नव्या प्रकारच्या करारात भाडे बारा महिन्यांतून एकदाच आणि तीन महिन्यांची नोटीस देऊन वाढवता येते. भाडेकरू ते भाडे अधिकाऱ्याकडे नेऊ शकतो. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२४ या काळात सरकारने भाडेवाढीवर तात्पुरती मर्यादाच घातली होती. पुढे २०२५ च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेनियंत्रण क्षेत्रे घोषित करण्याची वाट खुली केली. अशा क्षेत्रात वाढ महागाई दर अधिक एक टक्का आणि कमाल सहा टक्के इतकीच राहील, तीही भाडेकरू बदलला तरी.

व्यवहार पूर्ण होऊन खरेदीखत स्कॉटलंडच्या लँड रजिस्टरमध्ये नोंदवले, की भाडेकरूला त्याच दिवशी पत्र पाठवावे: नव्या मालकाचे नाव व पत्ता, नोंदणी क्रमांक, भाडे कोणत्या खात्यात भरायचे, अनामत कोणत्या योजनेत आहे, नळ गळू लागला तर कोणाला कळवायचे. घर विकले जात असल्याचे कानावर आल्यापासून तो या पत्राची वाट पाहत असतो. त्याच्या करारातील जुन्या अटी पूर्ववत लागू आहेत, हे वाक्य त्या पत्रात अवश्य लिहावे.