पाण्यातले देऊळ आणि जोत्यावरचा माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावणे धाडले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. माझी वाणी गेटसभेत घडलेली आहे, तेव्हा या व्यासपीठाला शोभेल असे पांडित्य माझ्याजवळ नाही. परंतु विषय आपल्याच मातीचा आहे आणि त्यात माझ्या माणसांचा संबंध आहे, म्हणून धीर केला.

विषय असा की, एखादे स्थळ चित्रासारखे सुंदर दिसते तेव्हा आपण नेमके काय पाहत असतो?

हा प्रश्न मला एका तरुण कामगाराने घातला; अर्थात त्याला ते ठाऊक नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा हा मुलगा एकदा संघटनेच्या कचेरीत आला आणि मोबाईलवर एका गावाची छायाचित्रे दाखवू लागला. गाव आफ्रिका खंडाच्या उत्तर टोकाला, मोरोक्को देशात. नाव शेफशाऊन. डोंगराच्या कुशीत वसलेले, आणि भिंती, दारे, पायऱ्या, सारे निळे. कुठल्या गल्लीत उभे राहिले, कुठल्या दाराशी टेकले म्हणजे चित्र उत्तम येते, याची यादी त्याला तोंडपाठ होती. तो म्हणाला, "दादा, असं एखादं ठिकाण आपल्याकडे नाही." मी त्या गावाचा इतिहास धुंडाळला, आणि जे हाती आले ते ऐकण्यासारखे आहे.

हे गाव 1471 साली पोर्तुगीजांच्या चढाईला तोंड देण्यासाठी गढी म्हणून वसले. अली बिन रशीद हा त्याचा संस्थापक. पुढे 1492 साली स्पेनमधले ग्रानाडाचे राज्य पडले. त्या उलथापालथीत मुसलमान आणि यहुदी कुटुंबे घरेदारे सोडून समुद्रापार आली. त्यांतली कित्येक या डोंगरात स्थिरावली, आणि अंगणाची घरे, कौलांची छपरे ही सोडून आलेल्या मुलखाची आठवण त्यांनी येथे पुन्हा उभी केली. 1920 साली स्पेनच्या फौजा गावात शिरल्या. रीफच्या डोंगरी लोकांनी बंड केले, आणि 1925 साली या गावावर विमानांतून बॉम्ब पडले. 1956 साली देश स्वतंत्र झाला. निळा रंग केव्हा आणि कशासाठी लागला याबद्दल तिथल्या लोकांतही एकमत नाही. कोणी यहुद्यांचे नाव घेतो, कोणी डासांचे, कोणी गारव्याचे. म्हणजे ज्याच्यासाठी माणसे जगभरातून येतात त्या रंगाचा इतिहास पुसट, आणि ज्या निर्वासितांनी गावाला रूप दिले त्यांचा इतिहास ठळक. पण चित्रात रंग येतो, निर्वासित येत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. त्या मुलाचे म्हणणे खरे नाही. चित्रासारखी स्थळे आपल्या दोन तालुक्यांत भरपूर आहेत.

बारामतीतच कऱ्हेच्या काठी उभे राहा. बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी येथे जन्म घालवला आणि 1794 साली येथेच देह ठेवला. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. शिवछत्रपतींचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत कामी आले. सालाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, स्थळाविषयी नाहीत. तालुक्याच्या अगदी शेवटच्या टोकाला नीरा नरसिंहपूर. तेथे नीरा भीमेला मिळते, आणि नरसिंहाच्या देवळापासून घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. भिगवणजवळच्या कुंभारगावला हिवाळ्यात पहाटे होडीत बसा. रोहित पक्ष्यांचे थवे, चित्रबलाक, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब; होडीवाला मच्छीमार कॅमेरावाल्याला नेमक्या जागी नेऊन सोडतो आणि सूर्य पाठीशी घेऊन उभा करतो.

आणि पळसदेव. उजनीच्या पाण्यात उभे असलेले पळसनाथाचे जुने दगडी देऊळ. पाणी उतरू लागले की शिखर वर येते. फारच उतरले तर मंडप आणि पाया उघडा पडतो, भोवतालचे वीरगळ दिसू लागतात. 2024 च्या उन्हाळ्यात असेच झाले आणि पुण्या-मुंबईकडून माणसांची रीघ लागली. संध्याकाळच्या तांबूस उजेडात ते देऊळ खरोखरच अप्रतिम दिसते. मी स्वतः पाहिले आहे, म्हणून सांगतो.

पण हे पाणी येथे कसे आले, हे कळण्यासाठी मागे जावे लागेल.

इंदापूर तालुक्याची जमीन पावसाची नेहमीच उपाशी. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने सारा ठरवला. तो इतका जड झाला की रयत गावे सोडून जाऊ लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी 1836 च्या सुमारास पुन्हा मोजणी केली, मातीची खोली आणि पोत पाहून प्रत ठरवली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे सबंध मुंबई इलाख्यात जी रयतवारी पद्धत चालली तिचा धडा प्रथम आपल्या इंदापुरात गिरवला गेला. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. शंकु-साखळी घेऊन आलेल्या माणसाने आपली जमीन पाहिली. त्याला तिच्यात सारा दिसला.

सारा रोकड्यात आला तसा सावकार घरात आला. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ज्यांची नोंद आहे त्यांची पहिली ठिणगी आपल्या आजच्या बारामती तालुक्यात पडली. दुसऱ्याच वर्षी मोठा दुष्काळ आला. त्या दुष्काळाच्या कामांतून नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि 1885 च्या सुमारास त्याला पाणी सुटले. आज कालव्याकाठचा हिरवागार ऊस पाहताना हे ध्यानात असू द्यावे की तो चर उपाशी माणसांनी पोटासाठी खणला आहे.

रेल्वे त्याआधीच आली होती. 1858 साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग भीमेकाठच्या दिक्सळपर्यंत पोचला. हे सर्व भीमेच्या खोऱ्यात घडत होते. नदीकाठी काळ्या जमिनीची पट्टी, तिच्यावर जुनी, दाट वस्तीची गावे. दुष्काळी तालुक्यात जी काही समृद्धी होती ती याच पट्टीत होती.

पुढे माढे तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर धरण बांधले गेले आणि 1980 साली ते पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर नाव मिळाले. धरण सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचा फुगवटा नदीतून उलट वर चढत आपल्या इंदापूर तालुक्यात शिरला. सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यापैकी 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्यातून न निघणारे पाणी. ते तळाशीच राहते. म्हणून तळची गावे एरवी दिसत नाहीत. पाणी मृतसाठ्यात फार खाली गेले, दुष्काळ खरोखर गळ्याशी आला, म्हणजेच ती वर येतात. छायाचित्रकाराचा उत्तम हंगाम तो धरणाखालच्या शेतकऱ्याचा वाईटातला वाईट हंगाम होय.

माझा धरणाला विरोध नाही. सोलापूरची तहान त्या पाण्यावर भागते, लाखो एकरांत ऊस आणि ज्वारी उभी राहते, बुडालेल्या नदीकाठी मासेमारी वाढली आणि पक्षी आले. हे मान्य केलेच पाहिजे. पण हिशेबाच्या वहीत जमेबरोबर खर्चही लिहावा लागतो. नदीकाठची गावे उठली. जुने पळसदेव उठले. पळसनाथाची पिंड नव्या गावठाणात गेली आणि तिच्यासाठी नवे देऊळ झाले. माणसांनी घरांच्या तुळया, वासे, दारे काढून बैलगाड्यांवर घातली. लाकूड नेता आले. दगड राहिला.

आता 2024 मधली ती संध्याकाळ सांगतो.

आमच्या संघटनेत एक निवृत्त साखर कामगार आहेत. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. गाव उठले तेव्हा ते तरणेबांड होते. पाणी उतरल्याचे कळताच म्हणाले, "मला एकदा घरी न्या." आम्ही चौघेजण गेलो. सुरुवातीला सांगितलेला तो तरुणही होता. भेगाळलेल्या गाळावरून नाना असे चालत होते जसा माणूस अंधारात आपल्या घरात चालतो. कुठे वळायचे ते पायांना ठाऊक. देवळापासून थोड्या अंतरावर गाळातून जोत्याचे दोन थर डोके काढून होते. नाना थांबले. "ही आमची ढाळज," म्हणाले. मग चार पावले पुढे जाऊन, "इथं उखळ. आईचं." दगडाचा तो खळगा गाळाने भरला होता. त्यांनी बोटांनी गाळ उकरून काढला आणि जोत्यावर बसले.

एवढ्यात मागून हाक आली. काही हौशी मंडळी तिकाटणी लावून देवळाचे चित्र घेत होती. त्यांतला एक मोठ्या अदबीने म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

नाना उठले. एक शब्द न बोलता बाजूला झाले.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. बोलणे सभ्य होते. त्यांना देऊळ दिसत होते, घर दिसत नव्हते. कारण ते घर आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पण आयुष्यात दुसऱ्यांदा त्या माणसाला त्याच जोत्यावरून उठवण्यात आले, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

परतताना मी त्या तरुणाला दोन छायाचित्रकारांची गोष्ट सांगितली. पहिला हूपर नावाचा लष्करी अधिकारी. 1876 ते 78 च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात त्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून चित्रे घेतली. त्या माणसांची नावे त्या चित्रांवरून कळत नाहीत. दुसरा अमेरिकेतला लुईस हाइन. गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांची चित्रे तो 1908 पासून घेत होता. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मनात मोजून ठेवी, आणि नाव, वय, काम खिशातल्या कागदावर टिपून घेई. ती चित्रे पुढे बालमजुरीविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. दोघांचेही हत्यार कॅमेराच. फरक त्या खिशातल्या कागदाचा.

पुराव्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली झाला. 1986 आणि 1999 साली त्याच्या जागी नवे कायदे आले. प्रकल्पग्रस्ताचा दाखला असला तर सरकारी नोकरीत राखीव जागेचा लाभ मिळतो. पण आजोबांचे घर कोणत्या आळीत होते, कोणाच्या नावावर होते, हे नातवाला सांगता येत नाही. अशी कित्येक मुले कचेऱ्यांच्या पायऱ्या चढताना मी पाहिली आहेत. कागद हरवला, माणूस गेला, आणि गाव पाण्याखाली. तेथे जाऊन बोट दाखवायचीही सोय नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. ज्यांनी ती गावे डोळ्यांनी पाहिली ते आज सत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत. प्रत्येक बुडालेल्या गावातल्या अशा दहा माणसांना एकत्र बसवावे आणि मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढून घ्यावा. वेस कुठे, चावडी कुठे, कोणती आळी कोणाची, महारवाडा कुठे, मांगवाडा कुठे, आड किती, पाणवठे कोणाचे वेगळे. हे शेवटचेही लिहावे. गोड तेवढेच लिहिले तर तो इतिहास होत नाही. शाळांनी हे काम अंगावर घ्यावे, वाचनालयांनी नकाशे जपावेत. आणि ज्यांच्याजवळ चांगले कॅमेरे आहेत त्यांनी, पुन्हा पाणी उतरेल त्या उन्हाळ्यात, देवळाबरोबर माणसांचीही चित्रे घ्यावीत: प्रत्येकाला त्याच्या जोत्यावर बसवून, खाली नाव लिहून.

त्या तरुणाने हे काम सुरू केले आहे. त्या दिवशी अंधार पडण्यापूर्वी ते हौशी गृहस्थ निघून गेल्यावर त्याने नानांना पुन्हा जोत्यावर बसवले. उजेड कमी होता, चित्र थोडे काळवंडले आहे. देऊळ एका कोपऱ्यात गेले आहे. मधोमध नाना आहेत, आणि त्यांचा एक हात उखळावर आहे. मागच्या बाजूला त्याने नाव, गाव, आळी आणि तारीख लिहिली आहे. आमच्या कचेरीच्या भिंतीवर ते लावलेले आहे; ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे, आणि आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर आणावे. कागद आणि पेन्सिल आम्ही तयार ठेवली आहे.