कुलकर्णी, श्रीनिवास रामचंद्र

(४ ऑक्टोबर १९५६ – ). खगोलशास्त्राचे प्राध्यापक व स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचे संशोधक. जन्म पूर्वी संस्थानी मुलखात मोडणाऱ्या, कृष्णाकाठच्या कुरुंदवाड येथे; बालपण हुबळीत. दिल्लीच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी घेतल्यावर ते बर्कलीस गेले. तेथे विद्यार्थिदशेतच, डॉन बॅकर यांच्या गटात राहून, सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधण्यात (१९८२) त्यांनी महत्त्वाचा वाटा उचलला. पल्सार हा स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा गाभाच होय. १९८३ मध्ये डॉक्टरेट मिळवून १९८५ पासून ते कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत आहेत.

गॅमा किरणांचे क्षणिक उद्रेक आपल्या दीर्घिकेतले की तिच्या पलीकडचे, हा दीर्घकाळ अनिर्णित राहिलेला वाद १९९७ साली मिटला, तो त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतील केक दुर्बिणीने एका उद्रेकाचे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे असल्याचे सिद्ध केले तेव्हा. आणि पुढच्याच वर्षी १९९८बीडब्ल्यू या अतिदीप्त नवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) रेडिओलहरी तपासून असे उद्रेक व ताऱ्यांचे मरण यांचा संबंध त्यांनी पुढे मांडला.

तथापि त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य, आमच्या मते, यंत्ररचनेचे आहे. तारा केव्हा व कोठे फुटेल हे अगोदर सांगता येत नाही, म्हणून अवघे आकाशच पुनःपुन्हा टिपून कालच्या दाखल्याशी आजचा ताडून पाहावा, हे तत्त्व त्यांनी पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची जुन्या दुर्बिणीवर २००९ पासून मोठ्या प्रमाणावर राबविले. २४ ऑगस्ट २०११ रोजी, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेतला एक स्फोट घडल्यानंतर काही तासांतच या योजनेच्या नजरेस आला, आणि श्वेतखुजा ताऱ्याच्या स्फोटाचा आरंभ शास्त्रज्ञांस इतक्या निकटून क्वचितच पाहावयास मिळाला होता. त्याच दुर्बिणीवर २०१८ मध्ये सुरू झालेले झ्विकी सर्वेक्षण एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश घेते. ज्यांचे नाव या सर्वेक्षणास दिले आहे त्या खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकींनी जेथे एकट्याने शंभरावर अतिदीप्त नवतारे शोधले, तेथे या सर्वेक्षणाने १०,००० हून अधिकांचे वर्गीकरण केले आहे.

२०२४ चा शॉ पुरस्कार त्यांस मिळाला. झ्विकी सर्वेक्षणाच्या नोंदींचा मोठा भाग सर्वांस विनामूल्य खुला असून बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही तो तपासता येतो. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.