समतोलाचे कागद

वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला कळली ती वाशीमला मिळालेल्या ताम्रपटामुळे. तो वाचणाऱ्यांची शिस्त साधी असते: तारीख पाहायची, ठिकाण पाहायचे आणि जे कोरलेले नाही ते पदरचे घालायचे नाही. पुंजगुरुत्वातल्या एका अलीकडच्या अटकळीचा इतिहास मी याच शिस्तीने वाचू पाहतो.

अटकळ अशी. दोन इलेक्ट्रॉनांमधले विद्युत प्रतिकर्षण त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 4×10^42 पट असते. हा निव्वळ योगायोग नसून निसर्गाची सक्ती असावी, असे निमा अर्कानी-हमेद, लुबोश मोटल, आल्बेर्तो निकोलिस आणि कुमरुन वाफा यांनी जानेवारी 2006 मध्ये मांडले. गुरुत्वाकर्षणच वरचढ ठरले असते तर समभारित कण एकमेकांना धरून बसले असते. अशा बद्ध अवस्थांची न संपणारी रांग लागली असती आणि त्यांतली एकही मोडली नसती. म्हणून ज्याच्यावर गुरुत्वाकर्षण दुबळे ठरते असा निदान एक कण असलाच पाहिजे.

या विषयाची हकिकत बहुधा इथूनच सांगतात. कागद मात्र मागे जातात.

'न्यूक्लिअर फिजिक्स बी'च्या 340व्या खंडात, 1990 साली, पृष्ठ 33 वर एक निबंध आहे. लेखक अतीश दाभोलकर, गॅरी गिबन्स, जेफ्री हार्वी आणि फर्नांदो रुइझ रुइझ. यांतले दाभोलकर कोल्हापूरकडचे. आयआयटी कानपूरहून प्रिन्स्टनला गेलेले. निबंधाचा विषय स्ट्रिंग सिद्धांतातल्या लांबच लांब समांतर स्ट्रिंग्ज. त्यांच्यात तीन बले असतात. गुरुत्वाकर्षण ओढते. डायलेटॉन नावाच्या अदिश क्षेत्राचे बलही ओढते. कारण अदिश बल सारख्याला सारखे जवळच आणते. तिसरे क्षेत्र स्ट्रिंगच्या भाराशी जोडलेले असते आणि ते ढकलते. बेरीज शून्य. दोन स्ट्रिंग्ज कितीही अंतरावर ठेवा, तिथेच राहतात. आदल्याच वर्षी दाभोलकर आणि हार्वी यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये स्ट्रिंगच्या ताणाला पुंजदुरुस्त्या बाधत नाहीत असा निबंध लिहिला होता. दोन्ही कागद जोडूनच वाचावेत.

दुसरा कागद कुलाब्याचा. अशोक सेन तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांच्या निबंधाचा खुल्या ऑनलाइन संग्रहातला क्रमांक 9402032, म्हणजे साल 1994, महिना फेब्रुवारी. तारीख क्रमांकातच आहे. विषय चुंबकीय एकध्रुव, म्हणजे एकच चुंबकीय ध्रुव असलेले कल्पित कण. त्यांच्यातले चुंबकीय प्रतिकर्षण आणि अदिश आकर्षण एकमेकांना रद्द करतात, हे निक मँटन यांनी 1977 मध्येच दाखवले होते. मग बल शून्य असताना दोन एकध्रुव बद्ध होतील का? मला हा प्रश्न 1990च्या निबंधातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. इथे बलांची बेरीज करून काहीच कळत नाही. सेनांनी दोन एकध्रुवांच्या सापेक्ष गतीच्या अवकाशावर नेमके हवे तसे एक भूमितीय रूप शोधून काढले आणि विषम विद्युतभाराची बद्ध अवस्था असते हे सिद्ध केले. अशी अवस्था मागणारी विद्युत आणि चुंबकीय बाजूंच्या अदलाबदलीची कल्पना तोवर बऱ्याच जणांना नुसती गोड वाटत होती. या निबंधानंतर तिच्याकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले.

आता कोरलेले नसलेले काय, तेही सांगितले पाहिजे. सेनांच्या त्या गणितात गुरुत्वाकर्षणाला काम नाही. 1990च्या निबंधात समता आहे, सक्ती नाही. 'असा कण असलाच पाहिजे' हे वाक्य तिथे शोधून सापडणार नाही. अभिमानापोटी अटकळीचे जनकत्व मुंबईला किंवा कोल्हापूरला देणे हा खोटा ताम्रपट कोरण्याचाच प्रकार होईल. उलट, 2006च्या निबंधापासून गोष्ट सुरू करणेही अपुरे आहे. अदिश बल त्या निबंधाच्या केंद्रस्थानी नव्हते. मे 2017 मध्ये एरान पाल्टी यांनी ते हिशेबात आणले: एखाद्या कणावर भाराचे बल हे गुरुत्वाकर्षण आणि अदिश बल यांच्या बेरजेहून मोठे किंवा तिच्याइतके असले पाहिजे. कारण तेच, बद्ध अवस्थांची रांग टाळायची. बेरजेत तीच तीन बले आहेत, जी दाभोलकर प्रभृतींनी त्याच्या सत्तावीस वर्षे आधी एका पानावर आणली होती. तिथे बरोबरीचे चिन्ह होते, पाल्टींनी त्याजागी 'मोठे किंवा समान' लिहिले.

त्याच निबंधात पाल्टी आणखी पुढे गेले: त्या कणावर अदिश बलसुद्धा गुरुत्वाकर्षणाहून प्रबळ असावे, असे त्यांनी सुचवले. या दुसऱ्या दाव्याचा पाया मला पहिल्याहून कच्चा वाटतो. सर्वसाधारण सिद्धता मात्र दोन्हींपैकी कशालाच मिळालेली नाही.

दाभोलकर पुढे त्याच टाटा संस्थेत प्राध्यापक झाले, 2006 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला आणि 2019 मध्ये ते त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. सेनांचा निबंध त्याच क्रमांकाखाली आजही कुणालाही फुकट वाचता येतो.