भांग, गांजा आणि चरस: झाड एकच, पण कायदा राज्यागणिक वेगळा

महाशिवरात्र, होळी जवळ आली की इंदूर-उज्जैनकडे थंडाईसोबत भांगेचे नाव निघतेच. मध्य प्रदेशात भांगेची सरकारी परवान्याची दुकाने आहेत आणि उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगारही होतो. पण तीच भांगेची गोळी खिशात टाकून कुणी जळगाव किंवा नागपूरला उतरला, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. नातेवाईक दोन्ही राज्यांत असलेल्या कुटुंबांनी हा फरक नीट समजून घेतलेला बरा.

एका झाडाचे तीन पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच झाडाचे. शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा. पाने हाताच्या बोटांसारखी फाकलेली आणि कडेने करवतीसारखी दातेरी. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर बारीक ग्रंथींमधून चिकट राळ पाझरते आणि नशा आणणारा टीएचसी हा घटक तिच्यातच सर्वाधिक असतो.

पाने वाटून होते ती भांग. मादी झाडाचे फुललेले शेंडे वाळवले की गांजा. नुसती राळ गोळा केली की चरस. पानांतही टीएचसी असतो, पण फुलोऱ्यापेक्षा बराच कमी. आयुर्वेदात याच वनस्पतीला विजया म्हणतात.

लागवड: तेव्हा आणि आता

दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलावर येते. परागकण वाऱ्याने पसरतात. मादीला बी धरले की गांजाचा दर्जा उतरतो, म्हणून जुन्या काळी नर झाडे ओळखून उपटून टाकणारे जाणकार लोक असत.

इंग्रजी अमलात ही शेती परवान्यावर चाले. मध्य प्रांतात खंडवा भाग आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचे अहिल्यानगर, त्यासाठी ओळखले जात. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. सरसकट बंदी न घालता कर आणि परवान्याने नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याने चित्र पालटले. आज विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही तूर, कपाशी नाहीतर उसाच्या आड लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या सीमेच्या दोन्ही बाजूंना येत असतात. जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली म्हणून मालक मोकळा होत नाही. आपल्या जमिनीत अशी झाडे आहेत हे माहीत असूनही कळवले नाही, तर मालकावरही कारवाई होऊ शकते.

उत्तराखंडात २०१८ पासून परवाना मिळतो, तो धाग्यासाठी लावायच्या औद्योगिक हेम्पचा. त्यात टीएचसी ०.३ टक्क्यांहून जास्त चालत नाही. ते उदाहरण दाखवून इथे कुणी बियाणे विकत असेल, तर त्याच्या नादी लागू नये.

अंगावर काय परिणाम होतो?

गांजाचा धूर ओढला की काही मिनिटांत परिणाम जाणवतो. भांग पोटातून जाते, त्यामुळे अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच वाटत नाही. मग यकृतात टीएचसीचे रूप बदलते आणि असर सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. "पहिला पेला चढलाच नाही" म्हणून दुसरा घेणारे फसतात ते इथेच. घोट्यात भांगेचे प्रमाण किती, तेही पिणाऱ्याला कळत नाही.

तोंडाला कोरड, डोळे लाल होणे, नाडी जलद चालणे, वेळेचे भान सुटणे ही नेहमीची लक्षणे. जास्त झाले तर घाबरेपणा, संशय आणि भास होतात. हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया, किशोरवयीन मुले आणि घरात गंभीर मानसिक आजाराचा इतिहास असलेले यांना धोका जास्त. असर असताना गाडी हाती घेऊ नये. छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा लहान मुलाने चुकून खाल्ले, तर लिंबू-ताकाच्या उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

कायदा काय म्हणतो?

एनडीपीएस देशभर सारखाच लागू आहे. त्यात गांजा म्हणजे फुलोरा. शेंड्यांपासून सुट्या असलेल्या पाना-बियांना त्यातून वगळले आहे, म्हणून भांगेचा विषय राज्यांच्या कायद्यांकडे जातो. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते लहान प्रमाण: १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोपासून पुढे व्यापारी प्रमाण: १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि जामीनही अवघड. त्यामुळे जप्तीत वजन फुलोऱ्याचे धरले की मुळे-खोडासकट झाडाचे, यावर कोर्टात वाद होतात.

* मध्य प्रदेश: परवानाधारक दुकानातून भांगेची विक्री.
* महाराष्ट्र: दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बनवणे, बाळगणे आणि घेणे गुन्हा.
* गुजरात: २०१७ मध्ये दारूबंदी कायद्यातील मादक पदार्थांच्या यादीतून भांग वगळली.
* कर्नाटक: भांग एनडीपीएसखाली येत नाही, असे उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात म्हटले. त्याचा अर्थ खुली विक्री सुरू झाली असा होत नाही.

प्रवासात लक्षात ठेवा

एका राज्यातली दुकानाची पावती दुसऱ्या राज्यात परवाना ठरत नाही. पुडीत पानांसोबत फुलोऱ्याचे तुकडे निघाले, तर विकणाऱ्याने भांग म्हणून दिलेला माल कायद्याने गांजा ठरू शकतो, कारण टीएचसी दोन्हींत सापडतो आणि फरक झाडाच्या भागावरून होतो. म्हणून प्रसाद असो की पाहुण्यांसाठीची भेट, भांग घेऊन राज्याची सीमा ओलांडू नये.