एक प्रेक्षक वाढला, तर खर्च कोणाचा?

१ ऑगस्ट १९७५ रोजी राजस्थान, बिहार, ओरिसा (आजचा ओडिशा), मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी उपग्रहावरून दूरदर्शनचे प्रसारण सुरू झाले. गंमत अशी, की त्या दिवशी कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत दूरदर्शन पोचलेले नव्हते. तेथील केंद्रे त्याच महिन्यात, पण काही दिवस उशिरा सुरू झाली. एरवी कोणतीही नवी सोय आधी शहरात, मग तालुक्याच्या गावी आणि शेवटी खेड्यात जाते. येथे ही रांग उलटी कशी झाली?

याचे उत्तर प्रक्षेपणाच्या पद्धतीत आहे. दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून निघणारे तरंग साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. त्यामुळे उंच मनोऱ्याचा पल्लाही जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास संपतो. एवढा खर्च करून मनोरा उभारायचा, तर तो जेथे दाट वस्ती आहे तेथेच उभारणार. भूस्थिर उपग्रह मात्र विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि तेथून पृथ्वीचा जवळजवळ एक तृतीयांश पृष्ठभाग त्याच्या दृष्टिपथात येतो. त्याच्या दृष्टीने मुंबई आणि बस्तरमधला पाडा यांत काहीच फरक नाही.

विक्रम साराभाईंनी हे फार लवकर ओळखले होते. त्यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला. प्रयोग पाहायला साराभाई राहिले नाहीत. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात यशपाल, एकनाथ चिटणीस, प्रमोद काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम तडीस नेले. एटीएस-६ हा अमेरिकन उपग्रह एका वर्षासाठी मिळाला होता. या प्रयोगाचे नाव ‘साइट’.

गावात बसवलेली ‘छत्री’ सुमारे तीन मीटर व्यासाची होती आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती! जाळीतून तरंग निसटून जात नसत काय? वर्गात हे गणित करून पाहण्यासारखे आहे. प्रसारणाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके त्या मानाने फारच बारीक, त्यामुळे तरंगांना ती जाळी जवळपास सलग पत्र्यासारखीच. आजच्या घरगुती छत्रीकडे येणाऱ्या तरंगांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणून ती छत्री सलग पत्र्याची लागते आणि आषाढातल्या मुसळधार पावसात तिचे चित्र गोठते. पावसाचे थेंब एवढे आखूड तरंग बऱ्याच प्रमाणात शोषतात आणि विखुरतात.

सकाळचे कार्यक्रम शाळेतल्या मुलांसाठी असत, संध्याकाळचे मोठ्यांसाठी. एकाच चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवण्याची सोय असल्याने आंध्रात तेलुगू आणि कर्नाटकात कन्नड ऐकू येई. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे याच वर्षात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांचे विज्ञानविषयक प्रशिक्षण झाले. त्यात नुसते पाहणे नव्हते. जोडीला छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग आणि गटचर्चा होत्या. छत्रीला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे उलट प्रश्न ऐकणे. ती उणीव गावात जमलेल्या शिक्षकांनी आणि मार्गदर्शकांनी भरून काढायची होती.

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. आपला इन्सॅट-१बी १९८३ मध्ये अवकाशात गेला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. १९९१ नंतर परदेशी आणि खाजगी वाहिन्या आल्या, तेव्हा मोठी छत्री केबलवाल्याच्या गच्चीवर गेली आणि घरात तार आली. तार ओढणे दाट वस्तीतच परवडते, त्यामुळे रांग पुन्हा शहरापासून सुरू झाली. २००३ पासून थेट घरी येणारी खाजगी सेवा आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत सेवा सुरू झाली. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली, की या मोफत सेवेला दरमहा शुल्क नाही.

इंटरनेटची कथा वेगळी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली, तेव्हा घरच्या टेलिफोनवरून सेकंदाला जेमतेम ९,६०० बिट माहिती येई. साधारण प्रतीच्या चलच्चित्राला सेकंदाला २० लाख बिट लागतात असे धरू. तासाभराच्या कार्यक्रमाचे ७२० कोटी बिट होतात. ते त्या वेगाने उतरवायला साडेसात लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ नऊ दिवस लागले असते! २०१६ नंतर मोबाइलवरची माहिती एकदम स्वस्त झाली आणि हेच काम खिशातल्या फोनवर होऊ लागले.

सोयीच्या बाबतीत छत्री येथे मागे पडते. इंटरनेटवर हवा तो धडा हव्या त्या वेळी पाहता येतो, थांबवता येतो, पुन्हा लावता येतो, शिक्षकाला प्रश्नही विचारता येतो. कारण येथे तरंग एकाच दिशेने जात नाहीत. आपली मागणी उलट वाटेने जाते आणि त्या मागणीपुरता माहितीचा वेगळा प्रवाह आपल्याकडे निघतो.

पण किंमत याच वेगळ्या प्रवाहाची आहे. उपग्रहाचे प्रसारण दहा जणांनी पाहिले काय आणि दहा कोटींनी पाहिले काय, पाठवणाऱ्याचा खर्च तोच. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकामागे प्रवाह वाढतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना एका इंटरनेट सेवेवर एकाच वेळी सुमारे ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. एवढा भार पेलण्यासाठी गावोगावच्या जाळ्यांजवळ साठवण-यंत्रे ठेवून तेथून प्रवाह वाटावे लागतात. घेणाऱ्याच्या बाजूचाही हिशेब करू. वरील तासाभराचा कार्यक्रम सुमारे ०.९ जीबीचा. वर्गातल्या ४० मुलांनी आपापल्या घरी तो पाहिला, तर ३६ जीबी. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या एकाच फोनवर दोन भावंडे आपापला वर्ग पाहू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ येतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हा हिशेब कागदावर राहिला नाही. फोन वडिलांबरोबर कामावर गेला, की मुलाची शाळा बंद. म्हणून जुन्या छत्रीची आठवण झाली. केंद्राने प्रत्येक इयत्तेसाठी एक अशा १२ वाहिन्यांची योजना मे महिन्यात जाहीर केली. आपल्याकडे जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. ज्यांच्या घरी संचही नव्हता, अशी मुले मात्र तेव्हाही बाहेरच राहिली, हे विसरता येत नाही.

तेव्हा ‘चांगले कोणते, छत्री की इंटरनेट?’ हा प्रश्न अपुरा आहे. सर्वांना एकच गोष्ट एकाच वेळी पोचवायची असेल, तर छत्री स्वस्त पडते. एकेकाला हवे ते द्यायचे आणि त्याचे ऐकायचे असेल, तर इंटरनेटला पर्याय नाही. निवड करताना विचारायचे ते एवढेच, की आणखी एक मूल जोडले, तर त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार? साइटमध्ये तो त्या मुलाच्या घरातून जात नव्हता.

आपल्या वर्गापुरती ही पाहणी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. किती घरांत छत्री आहे, किती घरांत केबल, किती घरांत फक्त फोन, आणि तो फोन दिवसाचे किती तास मुलाच्या हाती असतो? पुढचा गृहपाठ कोणत्या मार्गाने पाठवायचा, हे त्या तक्त्याकडे पाहून ठरवावे.