दातात भरलेले सिमेंट हिरडीला बाधते का?

कीड काढून दातात सिमेंट भरले की अनेकांच्या मनात शंका येते, हे हिरडीला मानवेल का? खड्डा दाताच्या वरच्या भागात असेल, तर सिमेंटचा हिरडीशी संबंध येत नाही. तो हिरडीलगत किंवा मुळाशी असेल, तर मात्र शंका रास्त आहे.

हिरडीखाली काय असते?
दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. याच थरातल्या पेशी दाताला धरून ठेवणारे तंतू तयार करतात. म्हणून दातात भरायचे साहित्य आधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तपासतात. तोंडात लाळ आणि रक्तपुरवठा असल्याने तिथला परिणाम सहसा सौम्य असतो.

कोणते साहित्य कसे?
• ग्लास आयोनोमर: ओले असताना आम्लधर्मी, घट्ट झाल्यावर सौम्य. यातून थोडे फ्लोराइड सुटते. आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, म्हणून पालक घाबरतात. पण फ्लोरोसिस होतो तो वर्षानुवर्षे तसे पाणी प्यायल्याने, एका फिलिंगने नव्हे.
• कंपोझिट (दाताच्या रंगाचे): निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. नीट घट्ट झाले नाही, तर त्यातली रसायने झिरपून पेशींना त्रास देतात.
• एमटीए: मुळाला पडलेले छिद्र बुजवायला वापरतात. पेशींना चांगले मानवते.
• चांदीचे सिमेंट (अमाल्गम): यात जवळपास निम्मा पारा असतो. गर्भवती, स्तनदा माता, सहा वर्षांखालील मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यात शक्यतो टाळावे, असा सल्ला अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये दिला. जुने, शाबूत फिलिंग मात्र केवळ भीतीपोटी काढू नका.

खरी अडचण बहुतेकदा काठाची
हिरडी सुजण्यामागे साहित्यापेक्षा खडबडीत किंवा बाहेर आलेला काठ जास्त वेळा असतो. तिथे अन्न अडकते, जंतू साचतात. त्यात खर्रा किंवा तंबाखू चालू असेल, तर कुठलेही सिमेंट हिरडी वाचवू शकत नाही.

मारेगावहून वणी किंवा यवतमाळला दात भरायला गेलात, तर खुर्चीवरून उठण्यापूर्वी तीन गोष्टी करा. कोणते साहित्य भरले ते कागदावर लिहून घ्या. दात चावून पाहा, उंच लागत असेल तर लगेच सांगा. काठ गुळगुळीत केला का, तेही विचारा.

परत कधी दाखवावे?
थंड-गरम लागणे काही दिवसांत कमी होते. चावताना दुखत राहिले, त्याच जागी रक्त येत राहिले किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जा. पू, ताप, गालावर सूज, तोंड न उघडणे किंवा गिळायला त्रास असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखऱ्या हिरडीवर तंबाखूची मशेरी किंवा लवंगतेलाचा बोळा दाबून ठेवू नका, त्याने हिरडी भाजते.