गोमंतकातील घुमट-आरती : एका सामूहिक नादाचा इतिहास



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संचालकांचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा आग्रह असे की इतिहासाचा अभ्यास आपल्या अंगणापासून सुरू करावा. तो आग्रह प्रमाण मानून मी आज राजे, लढाया आणि तह बाजूला ठेवले आहेत. आपणा सर्वांच्या कानांत बालपणापासून घुमत असलेल्या एका मातीच्या वाद्याचा आणि त्याच्याभोवती जमणाऱ्या माणसांचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे. ते वाद्य म्हणजे घुमट.

घुमटाची घडण आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तरीही तिच्याकडे एकदा अभ्यासकाच्या दृष्टीने पाहणे इष्ट ठरेल. भाजलेल्या मातीचा हा घट दोन तोंडांचा असतो. मोठ्या तोंडावर कातडे ताणून ते दोरीने करकचून बांधलेले असते; लहान तोंड मोकळे असते. वादक उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर आघात करतो आणि डाव्या हाताचा तळवा मोकळ्या तोंडावर कधी झाकतो, कधी उघडतो. आतली हवा कोंडली की नाद दबतो, मोकळी झाली की तो घुमत बाहेर पडतो. वाद्याचे नावच त्या घुमण्यावरून पडले असावे, असे कोणाही ऐकणाऱ्याला वाटेल. चतुर्थी येते ती भाद्रपदात, म्हणजे ऐन ओलाव्याच्या दिवसांत. दमट हवेने कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी घुमट शेकून घ्यावे लागते.

हे वाद्य एकट्याचे नव्हे, ही त्याची पहिली खूण. घट कुंभाराच्या चाकावर घडतो. आपल्याकडे डिचोलीची कुंभारकला प्रसिद्धच आहे. कातडे मिळवणारा आणि कमावणारा दुसरा, ते मढवणारा तिसरा. पुढे वादनातही एक घुमट पुरत नाही. अनेक घुमटे, बारीक काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि लय धरून ठेवणारे कांसाळे असा संच जमला म्हणजे आरती उभी राहते. मुख्य गाणारे पद उचलतात, बाकीचे ते झेलतात; कडव्यांच्या मध्ये गायन थांबते आणि वाद्ये मोकळी सुटतात; लय चढत जाते. या मेळाव्यात श्रोता असा वेगळा कोणी राहत नाही. ज्याला वाजवता येत नाही तो गातो, ज्याला गाता येत नाही तो टाळी धरतो.

आता या नादाच्या इतिहासाकडे वळू. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी त्यांच्या ताब्यात आल्या. सोळाव्या शतकात या भागांतील देवळे पाडली गेली आणि अनेक देवता नदीपलीकडे, अंत्रुज महालात नेण्यात आल्या. मंगेशी, शांतादुर्गा यांची आजची स्थाने ही त्या स्थलांतराची साक्ष आहे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १७३६ च्या त्याच्या प्रसिद्ध आज्ञापत्रात एतद्देशीय रीतिरिवाजांची एक लांबलचक यादी निषिद्ध म्हणून दिली आहे. लग्नकार्यात गायल्या जाणाऱ्या ओव्यांचाही तिच्यात समावेश होता. सत्तेला गाण्याचे भय का वाटावे? एकत्र गाणारी माणसे आपण कोण आहोत हे विसरत नाहीत, हे त्या सत्तेने नेमके ओळखले होते.

परंतु आज्ञापत्रे जे पुसू पाहतात ते सगळेच पुसले जात नाही. धर्मांतरित गोमंतकीयांनी देव बदलला, प्रार्थनेची भाषा बदलली, चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन आत्मसात केले. पण घुमट हातातून सोडले नाही. एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या ख्रिस्ती घरांतून बहरलेला मांडो व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने गायला जातो. पश्चिमेचे ते तंतुवाद्य आणि आपल्या मातीचा हा घट एका बैठकीत शेजारी बसले, ही घटना मला सांस्कृतिक इतिहासात फार मोलाची वाटते. गावडा समाजाच्या जागोरातही घुमट आहे, आणि शिवोलीच्या जागोरात हिंदू व ख्रिस्ती दोघेही सहभागी होतात. १७६३ ते १७८८ या काळात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी महाल पोर्तुगीज राज्याला जोडले गेले. या नव्या काबिजादीत देवळे आणि उत्सव टिकून राहिले. शिगम्यातील फाग आणि देवळांतील सुंवारीवादन यांना घुमटाची संगत तुटली नाही. एकाच वाद्याने दोन धर्मांच्या अंगणांत शतकानुशतके नांदावे, याहून समाजाच्या एकत्वाचा बोलका पुरावा कोणता असेल?

घुमट-आरतीच्या भाषेविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या घरांत बोलणे कोकणीत चालते; आरती मात्र बहुतांशी मराठीत गायिली जाते. समर्थ रामदासांची गणपतीची आरती महाराष्ट्रात ज्या चालीने काही मिनिटांत आटोपते, तीच आपल्याकडे घुमटांच्या लयीत विस्तारत जाते. शब्द घाटावरून आले, नाद येथल्या मातीचा राहिला. पाठांतराने आलेली ही मराठी अक्षर न शिकलेल्या माणसांच्याही जिभेवर होती. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले आणि खाजगी मराठी शाळा गावोगाव वाढू लागल्या. त्या शाळांना तयार कान आणि तयार जिव्हा लाभल्या, याचे थोडे श्रेय मी या आरतीला देतो.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. पूर्वापार घुमटाला घोरपडीचे कातडे मढवीत. ते पातळ, चिवट आणि खणखणीत नादाचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला आणि त्याने घोरपडीला संरक्षण दिले. तिची शिकार आणि तिच्या कातड्याचा व्यवहार गुन्हा ठरला. कायद्याचा हेतू निर्विवाद योग्य होता; निसर्गाचा एक जीव आपल्या उत्सवासाठी संपत जावा, असे कोणीही सुजाण मनुष्य म्हणणार नाही. परंतु वादकांपुढे खरा पेच उभा राहिला. जे वाद्य वाडवडिलांनी हाती दिले, तेच घेऊन उघड्यावर वाजवायला बसणे अवघड झाले. घुमट देवघराच्या कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेवावे, की त्याचा नाद बदलू द्यावा?

उत्तर हळूहळू बकऱ्याच्या कातड्यातून आले. हे कातडे जाड. ते तसेच मढवले तर आवाज बसका येतो. ते तासून पातळ करणे, ताण कमी-अधिक करून पाहणे, पुन्हा उलगडून पुन्हा बांधणे, असे प्रयोग गावोगावच्या कारागिरांनी आणि वादकांनी केले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती; पूर्वीच्या नादाची कानांत साठवलेली आठवण हेच त्यांचे मोजमाप होते. जुन्या वादकाने मान हलवली की कातडे उतरले. जुना खणखणाट जसाच्या तसा आला, असे मी म्हणणार नाही. माझ्या कानाला तो फरक आजही जाणवतो. तथापि आरती थांबली नाही. समाजाने आपला नाद आपल्या हातांनी पुन्हा घडवला, आणि तेही एका मुक्या प्राण्याला जीवदान देऊन. परंपरा कातड्यात नव्हती. ती ऐकणाऱ्या कानांत आणि जमणाऱ्या माणसांत होती, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

पुढच्या काळात कला अकादमीच्या घुमट-आरती स्पर्धांनी या कलेला रंगमंच मिळवून दिला. जे वादन पूर्वी प्रायः पुरुषांच्या हाती होते, त्यात महिलांची आणि बालकांची पथके तयारीने उतरली. माझ्या मते या शतकातील ही सर्वांत आनंदाची भर आहे. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. हा सन्मान उचितच आहे.

तरीही एक शंका आपल्यापुढे ठेवल्यावाचून मला राहवत नाही. स्पर्धेला वेळेचे बंधन असते, परीक्षक असतात, समोर अंधारात बसलेले प्रेक्षक असतात. तेथे चुकणाऱ्याला जागा नसते. चतुर्थीत घरोघर फिरणाऱ्या आरतीत मात्र चुकणाऱ्या पोरालाही कोणीतरी मांडीजवळ बसवून घेते, त्याच्या हाती कांसाळे देते आणि डोळ्यांनीच सम दाखवते. वादक घडतात ते तेथे. आज पुष्कळ तरुण पोटापाण्यासाठी दूर आहेत, घरे चतुर्थीपुरती उघडतात, आणि आरतीची फेरी कुठे कुठे ध्वनिक्षेपकावर लावलेल्या मुद्रित गाण्यावर भागवली जाते. वाद्य वारसा म्हणून काचेच्या कपाटात सुरक्षित राहील. पण ते वाजवायला पाच जणांनी एका चटईवर बसावे लागते, याची तरतूद कोणत्याही घोषणेने होत नाही.

ही तरतूद आपण करायची आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की चतुर्थीला गावी याल तेव्हा फेरीतले एक घर तरी चुकवू नका, आणि मुलांना बरोबर घ्या. शाळेच्या चालकांना सुचवावेसे वाटते की दर श्रावणात एखाद्या कुंभाराला आणि एखाद्या जुन्या वादकाला वर्गात बोलवावे. मुलांनी मातीचा घट घडताना पाहावा, कातडे मढवताना हात लावावा आणि मग पहिली थाप मारावी. पाठ्यपुस्तकातील इतिहास परीक्षेनंतर विसरला जातो. तळव्याला कळलेला इतिहास विसरता येत नाही. ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिले आहे, त्या गुरुजींना याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.